ताणावर ठेवलेलं हसू

१३ डिसेंबर, दुसरा शनिवार, म्हणून ऑफिसला सुट्टी. जागा मोहगावचा आमचा संत्र्याचा बगीचा. हजर: मामाजी, म्हणजे माझे सासरे, बांधावरच्या खाटेवर, कानटोपी घालून; वसंता भाऊजी, माझे धाकटे दीर, सारी शेती त्यांच्या हातात; कुंदा, त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ; मी; आणि सावरगावहून आलेली तोडणीची टोळी. गैरहजर: आमचे हे, पांढुर्ण्याला दुकानावर.

धुकं अजून झाडांच्या कमरेइतकं होतं. आतली माणसं दिसत नव्हती. देठ तुटल्याचा बारीक आवाज यायचा, मग संत्रं झोळीत पडल्याचा. कुंदा कॅरेटांच्या थप्पीशी बसून डागी फळं बाजूला काढत होती. टोळीतली एक नवी बाई झोळी रिकामी करायला आली की तिच्याकडे बघून जायची. तिसऱ्या खेपेला थांबलीच.

“बाई, कोणाले डोळा मारून राहिल्या?”

“तुह्या नवऱ्याले,” कुंदा म्हणाली. “पण थो पाहूनच नाई राहिला.”

टोळी हसली. कुंदाही हसली, आणि तिचा डावा डोळा हसण्याबरोबर पुन्हा मिटला, हळूच, वाऱ्यानं दार लोटलं जावं तसा. उजवा उघडाच होता. नव्या बाईला वाटलं तिची थट्टा चालली आहे. बाकीच्या बायकांना माहीत होतं.

मी कामाची बाई आहे. काय आणायचं, कोणाला निरोप द्यायचा, कशानंतर काय, हे माझ्या डोक्यात आपोआप एकाखाली एक लागत जातं. पण तीन वर्षांपूर्वीचा संत्र्याचा हंगाम मला कधी असा लावता आला नाही. तो वासाबरोबर येतो. साल सोलताना नखाखालून जो बारीक फवारा उडतो, त्यातून येतो. कधी पांढुर्ण्याला ऑफिसात बसलेली असताना तिगावकडून मालगाडी येते, खिडकीच्या काचा थरथरतात, आणि मला एका गालाची थरथर आठवते.

त्या वेळीही आम्ही असेच तोडणीला जमलो होतो. आदल्या संध्याकाळी कुंदा म्हणाली होती, कानामागं ठणकून राहिलं. ती सौसरच्या शाळेत अतिथी शिक्षक आहे, पहिलीला शिकवते. शाळा सुटली की वसंता भाऊजींच्या गाडीवर मागे बसून मोहगावला येते. थंडीचे दिवस, तिनं कानाला फडकं बांधलं आणि भाजी फोडणीला टाकली. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या ओठातून निसटलं. मग चहा पदरावर सांडला.

“पाहा ना ताई, लहान पोट्ट्यासारखं गळून राहिलं,” ती म्हणाली आणि हसली.

अर्धं तोंड हसलं. उजवा गाल वर गेला, उजव्या डोळ्याशी नेहमीच्या रेघा आल्या, आणि डावी बाजू होती तिथेच राहिली, शेजारून कोणीतरी बघत उभं असावं तशी. हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काय दिसतंय ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तिचा हात तोंडाशी गेला.

हे घर कुंदाच्या हसण्यावर चालायचं, हे सांगायला हवं. मी घरात शिस्त आणली, तिनं आवाज आणला. लग्न होऊन आली तेव्हा तिचं हसणं मामाजींना जरा जास्तच वाटलं होतं. पुढे तेच विहिरीवरून हाक मारायचे, “कुंदा हसली कायले व? आमालेई सांग.” ती हसली की ऐकणाऱ्याला कारण लागत नसे.

“वारं गेलं चेहऱ्यावरून,” त्या सकाळी मामाजी म्हणाले. “गरम मिठानं शेका. व्यापारी येऊन राहिला. तोड आटपली का नेऊ दवाखान्यात.”

भाऊजींनी वडलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोवर कुंदाची चप्पल, शाल आणि आधार कार्ड काढून ठेवलं होतं.

“तोड तुम्ही पाहा, मामाजी. आम्ही जाऊन येतो.”

“जाय मंग. तू काय ऐकतं.”

सौसरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, छिंदवाड्याकडची, हिंदी बोलणारी. तिनं कुंदाला कपाळावर आठ्या पाडायला सांगितल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडे कपाळ कागदासारखं कोरं. डोळे मिटायला सांगितले. डावा मिटेना, पापणीखाली पांढरी फट राहिली आणि बुबुळ वर गेलं. गाल फुगवायला सांगितले, हवा फुस्सकन निघून गेली. हातपाय, बोलणं, चालणं तपासलं आणि म्हणाली, डोक्यातला झटका नाही, चेहऱ्याची नस आहे. ही नस कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या वाटेनं बाहेर येते. तिला सूज आली की त्या वाटेत आवळली जाते. वाऱ्याचा तिनं उल्लेखही केला नाही.

“आज ही ले आए, ये अच्छा किया,” ती म्हणाली. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग जास्त. मग रक्तातली साखर तपासली. साखर वाढलेली निघाली, आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

मी विचारलं, किती दिवसांत बरं होईल. मला तारीख हवी होती. तारखेच्या मागेपुढे मी सगळं बसवू शकते.

तिनं तारीख दिली नाही. बहुतेक लोक बरे होतात, म्हणाली. पण नस किती दबली आहे, थोडी हालचाल शिल्लक आहे की सगळंच थांबलंय, वय काय, साखर ताब्यात राहते का, यावर ते असतं. मुख्य म्हणजे पहिली हालचाल केव्हा दिसते. लवकर दिसली तर बहुधा पुरतं परत येतं. महिने लागले तर थोडंफार राहून जातं. कुंदा तेव्हा हात तोंडावर ठेवूनच बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “मॅडम, हँसी वापस आएगी ना?” डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, कोशिश करेंगे.

मग ते दिवस, मी रजा काढून मोहगावला राहिले ते. त्यांना मला आजही कडा सापडत नाहीत. पडवीत संत्र्यांचे ढीग, भिंतींवर त्यांचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात काळा चष्मा लावून बसलेली कुंदा. डोळा मिटत नव्हता म्हणून कोरडा पडायचा. दर थोड्या वेळानं मी थेंब घालायची, दिवेलागणीनंतर मलम लावून वर पट्टी. चेहऱ्याला इतक्या जवळून मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या गालावरच्या साऱ्या रेघा गेल्या होत्या, ती बाजू विशीतली दिसायची. एक बाजू माझ्याबरोबर म्हातारी होत आलेली, एक लग्नाच्या दिवसातली. दोन्हींच्या मध्ये नाक, किंचित उजवीकडे ओढलेलं.

तिला संत्रं मना होतं. संत्रं थंड, थंडानं वारं वाढते, असं गावातल्या प्रत्येक बाईनं येऊन सांगितलं. डॉक्टरिणीनं असलं काही सांगितलं नव्हतं, पण ज्या घरात पाय ठेवायला जागा नाही इतकं संत्रं, त्या घरात तिच्यासमोर कोणी साल काढेना. एक दिवस मीच दुपारी सोललं आणि तिच्या हातात दिलं. तिनं फोड उजव्या दाढेखाली धरली, मग जिभेनं डावीकडे सारली.

“ताई, इकडं गोड हाये. तिकडं नुसतं पाणी हाये.”

अर्ध्या जिभेला चव नव्हती. डाव्या कानाला मात्र सगळं मोठं ऐकू यायचं. ताटली ठेवली तरी ती दचकायची. भाऊजी गाडी फाटकाबाहेर बंद करून ढकलत आत आणायचे. शेजारच्या काकू च्युइंगमचा अख्खा डबा घेऊन आल्या, दिवसभर चघळ, जबडा सरळ होते. कुंदा दोन दिवस चघळत बसली, जबडा दुखायला लागला आणि चेहरा होता तिथेच. पुढच्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली, जोर लावू नका. आरशासमोर बसा, हळू, थोडं थोडं.

म्हणून पडवीच्या खांबाला आरसा टांगला. कुंदा त्याच्यासमोर बसून ओठ जुळवायची. प म्हणताना ओठ सुटायचे आणि फ व्हायचा, ब आणि भ कुठेतरी मधेच विरायचे. म तेवढा साधायचा, तोही बोटानं डावा ओठ दाबून धरला तर. पहिलीच्या पोरांना ती हीच अक्षरं तोंड दाखवून शिकवायची. पोरं बाईच्या ओठांकडे बघूनच म म्हणायला शिकतात. आरशासमोरून उठली की चष्मा लावायची आणि डागी फळं निवडायला बसायची. तोडणी संपत आली होती. टोळीची गाणी दूरच्या ओळींतून ऐकू यायची.

तोडणी झाली की आमच्याकडे बाग ताणावर जाते. ताण म्हणजे पाणी बंद. पौषाच्या थंडीत झाडाला तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, काही गळू द्यायची. मग बरोबर वेळेला पाणी सोडायचं. ते झाड अंगातलं सगळं एकवटून फुलावर येतं. हाच आंबिया बहार. ताण कमी पडला तर फूल नाही, नुसती पालवी. जास्त झाला तर फांद्या वाळतात. भारी जमीन जास्त ताण सहन करते, हलकीला लवकर पाणी द्यावं लागतं. मामाजी मूठभर माती हातात दाबून सांगू शकतात, अजून किती. साऱ्या मोहगावातून लोक त्यांना विचारायला येतात.

एक दिवस पाण्याचं इंजिन बंद करून ते घरात आले, कुंदा आत असताना आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं, आणि हळू आवाजात म्हणाले:

“तिले हसवू नका. बोलायलेई लावू नका जास्त. अर्ध्या तोंडानं हसते, त्यानं उरलेलं अर्धं वढलं जाते. नसेले आराम पाह्यजे. जोर सारा अंदर जमू द्या. मंग पाहा, एकदम येते.”

आम्हाला ते पटलं. ते न पटण्यासारखं काय होतं? डॉक्टरीणसुद्धा जोर लावू नका म्हणाली होती. मामाजींच्या हाताखाली दर साली बाग सुकून फुललेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मी लगेच ते अंमलातही आणलं. जेवायला तिला लवकर वाढायचं, टीव्ही तिच्यासमोर लावायचा नाही, भेटायला येणाऱ्या बायकांना पडवीतच गाठून समजावायचं. भाऊजी तर घरातला सगळ्यात खोडकर माणूस, ते तिच्यासमोर मान खाली घालून जेवायला लागले.

घर असं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. शनिवार-रविवारी पांढुर्ण्याहून यायची तेव्हा फाटकाशीच ते जाणवायचं. झाडांची पानं मलूल होऊन कडेनं वळलेली, पाटात धूळ, आणि पडवीत आरशासमोर कुंदा. आरसा सोडला तर तिच्याकडे सरळ कोणी बघत नव्हतं. ती मलाही काही विचारत नव्हती. थेंब घालताना मान वर करायची, थेंब पडला की चष्मा लावायची. एकदा ओल्या डोळ्याला कापूस लावून मी म्हटलं, आज जास्तच पाणी येऊन राहिलं. ती म्हणाली, “उजव्यातूनई येऊन राहिलं, ताई.”

संक्रांतीला सगळे मोहगावी जमलो. मी तिळाचे लाडू घेऊन गेले होते. मामाजी पडवीत बसले, आम्ही एकेकानं तीळगूळ देऊन पाया पडलो. कुंदा शेवटी आली. वाकली, उठली, आणि तिथेच उभी राहिली. तिनं चष्मा काढला.

“मामाजी, एक विचारू?”

“विचार न व.”

“ताण किती दिवस ठेवता हो तुमी?”

मामाजींना वाटलं बागेचं विचारते आहे. “जमीन पाहून,” ते म्हणाले. “खालचा तुकडा अजून राहू दे. वरचा हलका हाये, त्याले या हप्त्यात पाणी.”

“मंग माही जमीन हलकी हाये,” कुंदा म्हणाली. शब्द अर्धे सांडत होते पण एकही चुकला नाही. “मले नाई सहन होऊन राहिलं. तुमी कोणी माह्याशी बोलत नाई. हे मान खाली घालून जेवते. मले वाटलं माह्यं तोंड पाहवत नाई कोणाले. काल काकूनं सांगतलं का तुमी मले ताणावर ठेवलं म्हून.”

भाऊजींच्या हातातला लाडू तसाच होता. मामाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खोकल्यासारखं केलं.

“या वसंत्यानं,” ते म्हणाले, “पयल्यांदा कलम भरलं होतं तुले माहीत हाये का? तेरा-चौदा वर्साचा होता. मी सांगतलं, फांदीवरचा डोळा सालीत असा बसवजो. यानं उलटा बसवला. खालचं टोक वर.”

“बाबा, आता थे कायले,” भाऊजी म्हणाले.

“चूप बस. मंग त्याले कोंब आला तं थो जमिनीकडंच जाऊन राहिला. हा रोज पाहे, आन् कोंब वाढून राहिला तं मातीकडंच. मंग कोंबालेच समजलं आपण चुकलो. तसा वळला वर. अजून हाये थे झाड विहिरीपाशी, मानेत वाकडं. लोक विचारते, मामाजी, याले लकवा…”

आणि ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. आमच्याही. भाऊजींनी डोळे मिटले. मी उठून काहीतरी आणायला जाणार होते, काय ते मला अजून माहीत नाही.

कुंदा हसली. आधी नाकातून, मग घशातून, मग तो जुना आवाज, विहिरीपर्यंत जाणारा. तोंड सारं एका बाजूला गेलं होतं, डाव्या ओठातून लाळ आली, ती पदरानं पुसत होती आणि हसत होती. “लकवा झाला त्याले,” म्हणत होती, “अवो माय, झाडाले लकवा.” भाऊजी हसले. मामाजी हसले आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. आम्ही तिच्याकडे सरळ पाहत होतो.

त्याच आठवड्यात वरच्या तुकड्याला पाणी सोडलं. पाटातून पाणी जाताना कोरडी माती आवाज करते, दुरून ऐकलं तर कोणी कुजबुजल्यासारखा. नंतर फुलं आली. त्या दिवसांत मोहगावात चालताना अंगावर वास बसतो. सौसरच्या बसमध्ये चढलं तरी लोक ओळखतात, ही बाई बगीच्यातून आली. मी पांढुर्ण्याला कपाट उघडायची आणि माझ्या साडीतून तो वास यायचा.

फुलं झडून मिरीएवढी हिरवी फळं धरली होती तेव्हा एका दुपारी कुंदाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन गालाजवळ धरला. डाव्या ओठाच्या कोपऱ्याखाली कातडी हलली, पाण्यात मासोळी वळावी तेवढी, आणि पुन्हा स्थिर झाली. ऑफिसात समोर लोक उभे होते. मी फोन तसाच धरून बसले.

पहिली हालचाल दिसायला महिने लागले होते. डॉक्टरिणीनं सांगितलं होतं त्याप्रमाणे पुरतं परत आलं नाही. पण बरंचसं आलं. आधी गाल, मग डोळा मिटायला लागला, कपाळ सगळ्यात शेवटी. साखर ती नेमानं सांभाळते, चहा बिनसाखरेचा, भात मोजका. शाळा उघडली तेव्हा ती पहिलीच्या वर्गात उभी राहिली आणि प, फ, ब, भ, म म्हणाली. प जरासा हवेशीर आहे, एवढंच.

मग हे डोळ्याचं सुरू झालं. हसली की डावा डोळा मिटतो, आणि जेवताना त्याच डोळ्यातून पाणी येतं. संत्रं खाताना तर धार लागते. तिला रडू आलं असं वाटून पाहुणे घास खाली ठेवतात. मागच्या महिन्यात मी तिला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, नस पुन्हा वाढते तेव्हा तिचे धागे कधी कधी चुकीच्या ठिकाणी जाऊन जुळतात. ओठाकडे निघालेला डोळ्याकडे जातो. आरशासमोर शिकून थोडं सुधारता येतं. नाहीतर डोळ्याजवळ छोटं इंजेक्शन, डोळा मिटणं कमी होतं. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. ठरवा आणि फोन करा, वेळ देतो.

मला वाटलं यात ठरवायचं काय. बसमध्येच विचारलं, फोन करू ना. कुंदा म्हणाली, “करा ना.” जरा वेळानं म्हणाली, “थांबा जरा.” मग वर्गातलं सांगितलं. यंदाच्या पहिलीतले बरेच पोट्टे हसताना डावा डोळा मिटतात. मुद्दाम नाही, त्यांना तसंच हसतात असं वाटतं. एका मुलीची आई शाळेत विचारायला आली होती, पोरीच्या डोळ्याले काय झालं म्हणून.

आज दुपारी उन्हं आली, धुकं गेलं. टोळी जेवायला बसली. मामाजी खाटेवर झोपले होते. कुंदानं एक डागी संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. खाताना तिचा डावा डोळा वाहायला लागला, तिनं मनगटानं पुसला.

“ताई, माह्यं पयलेचं हासू कसं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे दिसाले. आवाज नाई. तोंड कसं व्हाये? मले आठवूनच नाई राहिलं. फोटोत पाह्यलं, फोटोत तं सारे तोंड बंद करून उभे. मी कधी आरशात पाहून हासलीच नाई ना. तुमी पाह्यलं. आठवते का?”

मी आठवून पाहिलं. आवाज होता, विहिरीपर्यंत जाणारा. मामाजींची हाक होती. लग्नाच्या वर्षीचं तिचं चौरंगावर बसणं होतं, हातातल्या बांगड्यांसकट. चेहरा आणायला गेले की हाच येत होता, एक डोळा मिटलेला, एक उघडा.

“सांगते,” मी म्हटलं. “आठवून सांगते.”

“सांगा मंग. मंग पाहू इंजेक्शनचं.”

कॅरेटं भरून झाली आहेत. गाडी संध्याकाळी येईल. टोळीचं जेवण झालं, मामाजींची गोळी दिली, कुंदाच्या साखरेची तपासणी सोमवारी ठरली आहे. नागपूरला फोन करायचा राहिला आहे. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे आहे, दुपारी एकदा लावायला घेतलाही होता. कुंदा त्या वेळी समोरच्या ओळीत कोणाशी तरी बोलत होती, पाठमोरी. ती हसेल आणि इकडे वळेल म्हणून मी थांबले.